छातीतलं पाणी आणि मामाची ऊब

सन्माननीय अध्यक्षमहोदया, ज्यांच्या निरोपासाठी आपण इथे जमलो आहोत ते आमचे छातीचे डॉक्टर, म्हणजे आपले सर, व्यासपीठावर विराजमान झालेल्या मोठ्या सिस्टर आणि इतर मान्यवर, रुग्णालयातले सर्व कर्मचारी, आजी-माजी पेशंट, आणि पहिल्या रांगेत उजव्या टोकाला बसलेल्या काकू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

काकूंना वेगळा नमस्कार का, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. काकू या रुग्णालयात नोकरीला नाहीत आणि सरांच्या पेशंटही नाहीत. इथल्या लॅबमध्ये जी मॅडम खिडकीपाशी बसते, तिच्या या मातोश्री. त्या मला बघायला आल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की, मुलगा तापट आहे, हातात घेतलेलं कुठलंच काम तडीस नेत नाही. तो परवा भाषण करणार आहे म्हणतात, तर ते भांडण न करता शेवटपर्यंत करतो का, तेवढं मला पाहू द्या, मग काय ते सांगते. तेव्हा मंडळी, आपण सरांच्या निरोपाला आला आहात, काकू माझ्या तोंडी परीक्षेला आल्या आहेत. मागच्या बाकावर एक्स-रे खात्याची मंडळी आत्ताच हसू लागली आहेत. एरवी मी खाली उतरून विचारलं असतं. आज विचारणार नाही.

रुग्णांच्या वतीने बोलायला खरं तर एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहणार होते. भाषण तयार, आवाज खणखणीत. पण चार दिवसांपूर्वी त्यांना खोकल्याची उबळ सुरू झाली. सरांच्या सत्काराला सरांचाच पेशंट माईकवर खोकत उभा राहिला तर चांगलं दिसेल का? म्हणून माझी वर्णी लागली.

माझी ओळख थोडक्यात. मी कॉलेज मध्येच सोडलं. कॉलेजचं म्हणणं थोडं वेगळं आहे, पण तो वाद आज नको. त्यानंतर मी मामाच्या हाताखाली नळजोडणीचं काम करू लागलो. मामा तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मांडीवर अवजारांची पिशवी आहे, कारण या रुग्णालयात मामा आले आणि त्यांना कुणी नळ दाखवला नाही, असं आजवर घडलेलं नाही.

या इमारतीत मी पहिल्यांदा आलो तो लॅबमधलं बेसिन तुंबलं म्हणून. बेसिनखाली आडवा पडून पाईप सोडवत होतो. वरून आवाज आला, "तिथे हात घालण्याआधी हातमोजे घाला. या बेसिनमध्ये काय काय सांडलंय ते तुम्हाला माहीत नाही." मी वर पाहिलं. आणि मंडळी, पाना माझ्या कपाळावर पडला.

पुढचं सांगायला हवं का? मी प्रेमात पडलो. लॅबचं बेसिन चांगलं वाहू लागलं होतं तरी मी ते तपासायला जात राहिलो. असं काही दिवस चाललं आणि मग छातीत डाव्या बाजूला दुखायला लागलं. थोडंथोडकं नाही. श्वास आत घेतला की सुरी फिरल्यासारखी कळ यायची. आता तुम्हीच सांगा, प्रेमात पडलेल्या माणसाचं मुख्य काम काय? उसासे टाकणं. आणि मला तर अर्धा श्वास घेतला की पुढचा गिळावा लागत होता. शिंकसुद्धा मी दोन्ही हातांनी बरगड्या धरून द्यायचो. मित्रांनी एकमताने सांगितलं की हे प्रेमच आहे, आणि फार पुढच्या पायरीचं आहे. मलाही ते पटलं.

मग मी एकदा धीर करून तिच्या खिडकीपाशी गेलो आणि जे काय होतं ते सगळं सांगून टाकलं. माझं तुमच्यावर प्रेम आहे, आणि पुरावा म्हणजे इथे दुखतं. तिने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली आणि चौकशीला सुरुवात केली. कुठे दुखतं? नेमकं बोट ठेवून दाखवा. खोल श्वासाला वाढतं का? कुशीवर झोपलं की बरं वाटतं का? संध्याकाळी अंग कोमट लागतं का? वजन उतरलंय का? मला वाटलं, काय ही आस्था. सगळ्याला मी अभिमानाने हो म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, "आधी छाती दाखवा. मग बोलू."

मला राग आला. माणूस हृदय पुढे करतोय आणि समोरची व्यक्ती ते तपासायला पाठवते आहे. पण घरी गेल्यावर 'मग बोलू' हे दोन शब्द आठवले आणि राग निवळला. तरी मी डॉक्टरकडे गेलो नाही. प्रेमाला कधी कुणी डॉक्टर दाखवलाय का?

आणि इथे मंडळी, माझ्या आयुष्यातला सगळ्यात भयंकर आठवडा आला. दुखणं थांबलं. एका सकाळी उठलो तर कळ नाही. खोकून पाहिलं, काही नाही. मुद्दाम तिचा चेहरा आठवून दीर्घ श्वास घेतला, तरी काही नाही. मामा खूश. म्हणाले, सुटलास बाबा. मी मात्र हादरलो. ज्या प्रेमाच्या जोरावर मी एका मुलीला शब्द दिला ते असं टाकीतल्या पाण्यासारखं उतरून गेलं? मी इतका उथळ माणूस आहे? मी जेवण सोडलं. तशी भूक आधीच मेली होती, पण आता तिला कारण मिळालं.

त्यानंतर आम्ही एका इमारतीत वरच्या मजल्यावर पाईप चढवत होतो. दुसऱ्या जिन्यावर मला धाप लागली. तिसऱ्यावर मी पाईपला धरून उभा राहिलो, म्हणजे पाईपनेच मला धरलं होतं. मामांनी पाईप तिथेच टाकला, माझं मनगट पकडलं आणि सरळ सरांसमोर आणून बसवलं.

आता सरांविषयी बोलतो. काकू, हे ऐका, कारण मी आज जो आहे तो या माणसामुळे आहे.

सरांनी मला शर्ट काढायला लावला आणि पाठीवर बोटांनी ठोकायला सुरुवात केली. वरून खाली, टक टक टक. वर आवाज पोकळ, खाली येता येता एका जागी एकदम बद्द. मी म्हणालो, "हे तर आम्हीपण करतो. टाकी कुठपर्यंत भरली ते बाहेरून ठोकून कळतं." दुसरा कुणी डॉक्टर असता तर गप्प बस म्हणाला असता. सर म्हणाले, "मग सांग, कुठपर्यंत भरली आहे?" आणि त्यांनी पुन्हा ठोकून दाखवलं. मी सांगितलं, अर्ध्याच्या थोडी खाली. सोनोग्राफीत तेवढंच निघालं. त्या दिवशी मी सरांना भांडायच्या माणसांच्या यादीतून काढून टाकलं.

मग मी त्यांना माझी खरी अडचण सांगितली. म्हटलं, सर, पाणी राहू दे, माझं प्रेम आटलं आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. एक्स-रे खात्याने याची नोंद घ्यावी. ते म्हणाले की फुप्फुसाभोवती एक पातळ दुहेरी अस्तर असतं. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून. एरवी दोन्ही एकमेकांवरून गुळगुळीत सरकतात. त्यांना सूज आली की ते घासतात, आणि ती तुझी कळ. नव्या चामड्याच्या चपलेसारखा करकर आवाजसुद्धा येतो. पुढे मध्ये पाणी साठलं की पदर दूर होतात, घासायचं थांबतं, आणि दुखणंही थांबतं. म्हणजे बरं झालेलं नसतं, वाढलेलं असतं.

मी विचारलं, म्हणजे प्रेम वाढलं? सर म्हणाले, पाणी वाढलं.

पुढचा प्रश्न हा की पाणी कुठून आलं. भिंतीला ओल आली म्हणून आपण लगेच भिंत फोडतो का? आधी पाहतो की दोष भिंतीचाच आहे की वरच्या कुणाची लाईन तुंबलीय. सरांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. हृदय थकलं, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं, तर अस्तर चांगलं असूनही पाणी झिरपतं. ते पातळ असतं. अस्तरालाच रोग असला तर ते दाट असतं, प्रथिनं जास्त. म्हणून पाणी काढायचं, त्याच बैठकीला रक्तही घ्यायचं, आणि दोन्हींची तुलना करायची. मी मनोमन ठरवलं की हे हृदयाचंच निघणार. तसा लेखी रिपोर्ट मिळाला असता तर मी तो खिडकीत नेऊन ठेवणार होतो.

मला उशी पोटाशी धरून वाकून बसवलं आणि पाठीतून सुईने पाणी काढलं. फिकट पिवळं, बिनदुधाच्या चहासारखं, अगदी स्वच्छ. मी ते पाहिलं आणि एवढी वर्षं दुसऱ्यांच्या घरातलं पाणी काढणाऱ्या माझ्या घरातही पाणी निघालं, हे पाहून डोळे भरून आले. तेही पाणीच.

वॉर्डबॉय नेमका कुठेतरी गेला होता. म्हणून बाटली मामांच्या हातात दिली आणि सांगितलं, खाली लॅबमध्ये पोचवा. मामांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि निघाले.

मंडळी, लॅब एक मजला खाली होती. पण मध्ये मोठ्या सिस्टरांची खोली होती.

सिस्टरांविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांनी मामांना पाहिलं आणि त्यांच्या न्हाणीघरातला गळका नळ दाखवला, यात त्यांचं काय चुकलं? नळ गळतच होता. मामांनी पिशवी उघडली. आता बाटली ठेवायची कुठे? खाली फरशी ओली. खिडकीत वारा. मामांनी विचार केला, आणि मामा विचार करू लागले म्हणजे मी नेहमीच घाबरतो. त्यांनी विचार केला की भाचा आजारी आहे, अंगात कसर आहे, त्याच्या छातीतून निघालेलं पाणी गार फरशीवर कसं ठेवायचं? त्यांनी ती बाटली रुमालात गुंडाळली आणि तिथल्या बॉयलरवर ठेवून दिली. ऊब मिळावी म्हणून. मग नळ उघडला, आतला वायसर झिजलेला निघाला, नवा आणायला बाजारात गेले, परत आले, बसवला, शेजारचाही नळ सैल होता, तोही आवळला. बाटली उबेत बसून होती.

दुपारी रिपोर्ट आला. प्रथिनं भरपूर, रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून खूपच जास्त. म्हणजे दोष अस्तराचा. माझं हृदय निर्दोष सुटलं. एवढा मोठा अपमान माझ्या हृदयाचा आजवर कुणी केला नव्हता. पण त्याहून वाईट पुढे होतं. पाण्यातली साखर जवळपास संपलेली. शिकाऊ डॉक्टरांचे चेहरे उतरले. साखर इतकी कमी म्हणजे आत पू होतोय, बरगड्यांमधून जाड नळी घालावी लागेल, किंवा आणखी काही वाईट असेल, असं ते आपसात बोलू लागले. मी नळजोडणीवाला. नळी म्हणजे किती जाड, हे मी बरोबर विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. मी शर्ट घातला.

मी खूप काही बोललो तेव्हा. ते आज इथे सांगत नाही, काकू. थोडक्यात, मी घरी निघालो होतो आणि दोन शिकाऊ डॉक्टर माझ्या मागे होते. तेवढ्यात समोरून लॅबवाली मॅडम आली. ती खिडकीच्या बाहेर उभी असलेली मी पहिल्यांदा पाहिली. माझ्याकडे न बघता ती सरांसमोर गेली आणि म्हणाली की मला हा रिपोर्ट पटत नाही. पाणी स्वच्छ आहे, वास नाही, पेशी पाहिल्या तर बहुतेक सगळ्या लिंफोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी, पू करणाऱ्या जवळपास नाहीतच. अशा पाण्यात साखर इतकी कमी व्हायचं कारण दिसत नाही.

"आणि सर," ती म्हणाली, "बाटली माझ्या हातात आली तेव्हा गरम होती."

सरांनी चष्मा काढला. "बाटली कोणी नेली?"

मामा पुढे झाले. हातात पाना होता. सरांनी विचारलं, बाटली एवढा वेळ कुठे होती? मामा मान ताठ ठेवून म्हणाले, "ऊब दिली होती साहेब. पोरगं आधीच आजारी, त्याचं पाणी कशाला गार पडू द्यायचं?"

सिस्टर छताकडे पाहू लागल्या.

सर मामांवर ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. मीही तयारीत होतो. मामांना कुणी बोललं असतं तर मी त्या अर्ध्या श्वासावरच भांडलो असतो. पण सरांनी मामांना खुर्ची दिली. म्हणाले, त्या पाण्यातल्या पेशी बाहेर काढल्यावरही जिवंत असतात. त्यांना भूक लागते. त्या साखर खातात. म्हणून बाटली ताबडतोब पोचवायची असते. तुम्ही त्यांना मऊ उबेत बसवलंत, त्यांनी पोटभर पंगत झोडली. मामांना ते ऐकून वाईट वाटलं की बरं, मला अजून कळलेलं नाही. आपल्या भाच्याच्या पेशी जेवल्या, एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं.

पाणी पुन्हा काढायला हवं होतं. मी नाही म्हणालो. सर टेबलावर बोटांनी ठोकत राहिले. बोलली ती. म्हणाली, "मी तुम्हाला 'मग बोलू' म्हटलं होतं. खरी साखर कळल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही."

मी शर्ट काढला.

आणि मंडळी, त्यानंतर जे घडलं ते पाहिलेले या रुग्णालयातले लोक इथे बसले आहेत. सरांनी पाणी काढलं आणि बाटली कुणालाही दिली नाही. इतक्या वर्षांत ज्यांना कुणी भरभर चालताना पाहिलं नव्हतं, असे आपले सर, बाटली छातीशी धरून जिना उतरत पळाले. मध्ये सिस्टरांनी हाक मारली तरी थांबले नाहीत. लॅबच्या दारात त्यांची एक चप्पल निघाली, ती तिथेच राहिली. बाटली मॅडमच्या हातात पडली तेव्हा सरांनाच धाप लागली होती, आणि त्यांना स्टूल दिलं ते मी, पाठीला पट्टी लावून मागून आलेल्या पेशंटने.

साखर व्यवस्थित निघाली. नळी टळली. दुसरी एक तपासणी असते, एडीए म्हणतात तिला, ती मात्र खूप वाढलेली होती. लिंफोसाइटचं पाणी, वाढलेलं एडीए, ताप, माझं वय, सगळं सरांनी एकत्र मांडलं आणि सांगितलं की अस्तराचा क्षय आहे. गोळ्यांनी बरा होतो, पण गोळ्या संपेपर्यंत घ्याव्या लागतात, मध्ये बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. 'संपेपर्यंत' हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून म्हटला.

त्या रात्री मला पू, नळी, क्षय यांची काळजी नव्हती. मला एकच प्रश्न होता. दुखत होतं ते अस्तर. भूक गेली ती क्षयाने. झोप उडाली ती तापाने. मग माझं प्रेम म्हणून शिल्लक काय राहिलं? दुसऱ्या दिवशी मी सरांना तसं विचारलं. सरांनी माझी पाठ ठोकली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "आधी आजार बरा करू. मग काय उरतं ते पाहू. या खात्यात असंच करतात."

म्हणून मी गोळ्या घेतल्या. महिनोन्‌महिने. मळमळायचं, लघवी नारिंगी व्हायची, मामांना वाटायचं माझी आतली पाईपलाईन गंजली. मध्ये एकदा अगदी ठणठणीत वाटायला लागलं आणि मी गोळ्यांचं पाकीट फेकणार होतो. गच्चीवर उभाही होतो. फेकलं नाही. कारण ती म्हणाली होती, औषध अर्धवट सोडणाऱ्या माणसाशी माझं काही बोलणं नाही. दर भेटीला सर पाठ ठोकायचे आणि मला विचारायचे, टाकी कुठपर्यंत. पातळी उतरत गेली. एका भेटीला वरपासून खालपर्यंत पोकळ आवाज आला. मला एवढा आनंद आजवर कुठली टाकी रिकामी झाल्यावर झालेला नाही.

शेवटचा एक्स-रे घेऊन मी खिडकीपाशी गेलो. म्हटलं, मॅडम, आता कुठेही दुखत नाही. ताप नाही, पाणी नाही, वजन भरलं. श्वास पूर्ण येतो. आजारातलं काहीही शिल्लक नाही आणि तरीही तुम्ही दिसलात की मला पाना नीट धरता येत नाही. हे काय आहे ते तुम्ही सांगा. तिने एक्स-रे उजेडासमोर धरला. बराच वेळ पाहिला. इतका वेळ की माझ्या मागची रांग कुरकुरायला लागली, आणि मी रांगेला काही बोललो नाही.

"डावीकडे अस्तर थोडं जाड राहिलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, सर म्हणाले ते तसंच राहणार. त्याने काही बिघडत नाही.

"असू दे," ती म्हणाली. एक्स-रे पाकिटात घातला, मला परत दिला आणि म्हणाली, "आता हे सगळं माझ्या आईसमोर सांगायचं. न भांडता."

तर काकू, सांगून झालं.

सर, तुम्ही उद्यापासून इथे नसाल. तुमच्यामागून जे येतील त्यांच्याकडे यंत्रं चांगली असतील. पण कागद हातात आल्यावर 'बाटली कोणी नेली' हे विचारायला ते चष्मा काढतील का, याची मला काळजी वाटते. शिकाऊ डॉक्टर इथे बसले आहेत, त्यांनी हे डोक्यात ठेवावं. मी हे प्रेमाने सांगतो आहे, आवाज चढलाय तो माईकमुळे. मामांनी तुमच्यासाठी घरच्या नळांची पाहणी मोफत ठेवली आहे. ती तुम्हाला टाळता येणार नाही, तेव्हा एखादा नळ गळता राहू द्या.

अध्यक्षमहोदयांनी मला बोलू दिलं, व्यवस्थापनाने माईक दिला, आपण सगळ्यांनी इतका वेळ ऐकून घेतलं, मोठ्या सिस्टरांनी स्वतःच्या न्हाणीघराचा उल्लेख सहन केला, या सगळ्यांचे मनापासून आभार. एक्स-रे खात्याचेही, कारण त्यांनी एकूण सात वेळा हसून मला संधी दिली आणि मी ती घेतली नाही. वैद्यकीय बाबतीत काही इकडचं तिकडे झालं असेल तर तो दोष माझ्या अर्धवट शिक्षणाचा, सरांच्या शिकवण्याचा नाही. कुणाला काही लागलं असेल तर पोटात घ्यावं.

काकू, मी आजवर दोनच गोष्टी शेवटपर्यंत नेल्या. पहिली त्या गोळ्या. दुसरी हे भाषण. तिसरीची परवानगी तुमच्याकडे मागतो आहे, आणि खाली बसतो.